कँटरबरीचे यात्रेकरू : भूमिका, व्यक्ति आणि हस्तलिखितांची साक्ष

(१) प्रश्नाचें स्वरूप

जुन्या काव्यास इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा प्रश्न कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींत वारंवार निघतो. बखरीपेक्षां अस्सल पत्राची योग्यता अधिक, हें तत्त्व आतां बहुतेकांस मान्य आहे. काव्याचें प्रकरण मात्र बखरीहूनहि निराळें. बखरकार निदान घडलेली गोष्ट सांगण्याचा आव आणतो. कवीवर तेवढेंहि बंधन नसतें. असें असूनहि चौदाव्या शतकांतील इंग्लंडच्या समाजाचें वर्णन करूं लागलेला प्रत्येक इतिहासकार जेफ्री चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्याकडे वळतो, आणि त्यांतील मंडळींस प्रत्यक्ष साक्षीदारांप्रमाणें उभे करतो. ही साक्ष कितपत ग्राह्य आहे, तिच्यांतील कोणता भाग परंपरेचा, कोणता दप्तराचा व कोणता केवळ कवीचा, आणि या निवाड्यांत हस्तलिखितांचें काय साहाय्य होतें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

(२) काव्य आणि कर्ता

काव्याची योजना साधी आहे. कँटरबरीच्या मुख्य मंदिरांत आर्चबिशप टॉमस बेकेट याचा २९ डिसेंबर ११७० रोजीं वध झाला. ११७३ सालीं पोपनें त्यास संतपद दिलें, व १२२० त त्याचे अवशेष नव्या समाधींत ठेवण्यांत आले. तेव्हांपासून १५३८ त आठव्या हेन्रीनें ती समाधि मोडून टाकीपर्यंत तेथें यात्रा चालू होती. लंडनच्या दक्षिणेस, थेम्स नदीपलीकडे साउथवर्क या भागांत टॅबर्ड नांवाची सराई होती. एका वसंत ऋतूंत यात्रेस निघालेली सुमारें एकोणतीस माणसें तेथें योगायोगानें एकत्र जमतात, कवि त्यांना मिळतो, आणि सराईचा मालक सुचवितो कीं, वाट सुसह्य होण्यासाठीं प्रत्येकानें जातांना दोन व येतांना दोन कथा सांगाव्या. जिची कथा सरस ठरेल त्या व्यक्तीस परत आल्यावर बाकीच्यांनीं जेवण द्यावयाचें. हा बेत तडीस गेला नाहीं. आज चोवीसच कथा आहेत, त्यांतहि कांहीं अपुऱ्या. परंतु आरंभीं जोडलेला सुमारें साडेआठशें ओळींचा उपोद्घात जवळजवळ पुरा असून, यात्रेकरूंचीं जीं वर्णनें प्रसिद्ध आहेत तीं त्यांतलीं होत.

कर्ता कोण व कोठें वावरलेला, हेंहि ध्यानांत असावें. चॉसर हा लंडनच्या एका मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. १३५७ त तो राजघराण्यांतील एका बाईच्या पदरीं हुजऱ्या होता. पुढें फ्रान्सच्या स्वारींत तो कैद झाला, व १३६० त खंडणी भरून सुटला. १३७४ पासून १३८६ पर्यंत तो लंडन बंदराच्या लोंकरीच्या जकातीवर हिशेबतपासनीस होता. त्याच सुमारास शहराच्या ऑल्डगेट या वेशीवरील माडींत त्याचें बिऱ्हाड होतें. १३८६ त तो केंट परगण्यातर्फे पार्लमेंटांत बसला, आणि १३८९ पासून दोन वर्षें सरकारी बांधकामांचा कारभार त्यानें पाहिला. १४०० सालीं तो वारला. त्याच्या नोकरीचे, पगाराचे व बिऱ्हाडाचे कागद शेंकडों आहेत. पण तो कवि होता असा उल्लेख त्यांपैकीं एकांतहि नाहीं! सारांश, दरबार, जकातनाका, न्यायालय व बाजार हीं चारहि ठिकाणें ज्याच्या रोजच्या पायांखालचीं, अशा कारकुनी पेशाच्या माणसाचें हें काव्य आहे.

(३) भूमिकेचा सांचा

मध्ययुगीन धर्मोपदेशक समाजाचीं तीन अंगें मानीत : प्रार्थना करणारे, लढणारे व कष्ट करणारे. प्रत्येक अंगाचें कर्तव्य सांगून त्यांत कोण कसा चुकतो याचा पाढा वाचावयाचा, हा लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी लेखनाचा एक रूढ प्रकारच झाला होता. चॉसरचा मित्र गॉवर यानें तो हाताळला. लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यांतहि तो आहे. साधु शिकारीचा शोकी, भिक्षु बायकांत रमणारा, व्यापारी खोटा, वैद्य सोन्याचा लोभी, गिरणीवाला पीठचोर, हे सर्व आरोप चॉसरच्या आधींपासून ठरलेले आहेत. जिल मॅन या विदुषीनें १९७३ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें साम्य एकेक लक्षण घेऊन दाखविलें, आणि यात्रेकरूंचे दोष कवीनें रस्त्यावर पाहून टिपले असें मानणाऱ्यांचा आधार बराच ढिला केला.

उदाहरणादाखल मठाध्यक्षा घ्या. ती जेवतांना ओठांतून घांस गळूं देत नाहीं, बोटें रश्श्यांत बुडूं देत नाहीं, पेल्यावर चिकटपणाचा ठिपका ठेवीत नाहीं. हें वर्णन वाचून चौदाव्या शतकांतील मठाच्या पंगतीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें खरें; परंतु तें मुळांत ‘रोमान द ला रोझ’ या फ्रेंच काव्यांतून आलें आहे, आणि तेथें एक अनुभवी म्हातारी, पुरुषांस भुलवावयाचें तर पंगतींत कसें वागावें, हें शिकवीत असते! मठाच्या चालीरीतींचा पुरावा म्हणून हा उतारा जो देईल तो फसला. कवीनें तो उतारा जोगिणीच्या ठायीं बसविला यांतला अभिप्राय मात्र खरा आहे, व तो समजण्यास मूळ ठाऊक असावें लागतें.

(४) सांच्यांतून माणूस कसा निघाला

असें आहे तर या मंडळींत नवें तें काय? जुने लेखक दोष उघड बोलून दाखवीत व शेवटीं उपदेश करीत. चॉसर निवाडा देत नाहीं. त्याच्या काव्यांतील ‘मी’ हा भोळा, सर्वांवर खूष असणारा सहप्रवासी आहे. मठांत कोंडून घेऊन पुस्तकांवर डोकें शिणवावें तें कशाला, असें शिकारी साधु म्हणतो, आणि आपला ‘मी’ त्याला रुकार देऊन मोकळा होतो. प्रत्येक जण आपल्या धंद्यांत अव्वल आहे, असें तो सांगत सुटतो. अव्वल कशांत, हें वाचकानें पाहावयाचें. कवि चॉसर व यात्रेकरू चॉसर या दोघांस वेगळे ओळखावें, हा मुद्दा डोनल्डसन यानें १९५४ त ठळकपणें मांडला, आणि तेव्हांपासून उपोद्घाताचें वाचनच पालटलें.

दुसरें असें कीं, भूमिकेच्या वर्णनांत कवि भूमिकेशीं संबंध नसलेली एखादी बारीक गोष्ट सोडून देतो. आचाऱ्याच्या नडगीवर वाहती जखम आहे. बाथच्या बाईस थोडें कमी ऐकूं येतें. गिरणीवाल्याच्या नाकावर चामखीळ आहे. अशा गोष्टींनीं धंद्याची व्याख्या होत नाहीं; पण धंदेवाल्याच्या जागीं एक माणूस उभा राहतो. बाथच्या बाईचें पाहा. लग्नासक्त, बडबडी, नटवी स्त्री हा स्त्रीनिंदक ग्रंथांतील ठरलेला नमुना. चॉसरनें तिला विणकामाचा धंदा दिला, त्यांत ती इप्र व घेंट येथील कसब्यांनाहि मागें टाकते असें म्हटलें, पांच नवरे दिले, तीन वेळां जेरुसलेमची यात्रा घडविली; आणि पुढें तिच्या कथेच्या आधीं तिच्याच तोंडून त्या स्त्रीनिंदक ग्रंथांचा समाचार घेवविला. तिचा पांचवा नवरा असा एक ग्रंथ रात्रंदिवस वाची; तिनें त्यांतलीं पानें फाडलीं, व त्या भांडणांतल्या तडाख्यानें तिच्या कानास बहिरेपण आलें. उपोद्घातांत सहज येऊन गेलेल्या दोषाचें कारण असें शेंकडों ओळींनंतर कळतें. सांचा तोच राहिला, पण सांच्यांतली व्यक्ति त्यास उत्तर देऊं लागली.

तिसरी गोष्ट, भूमिका येथें एकमेकींवर आदळतात. सराईवाला दर्जा पाहून चालूं इच्छितो. चिठ्ठी नाइटाच्या नांवें निघते, नंतर साधूनें बोलावें असा त्याचा बेत असतो. पण दारू प्यालेला गिरणीवाला मध्येंच घुसतो व एका सुताराची फजिती सांगतो. जहागिरीचा कारभारी मूळचा सुतार असल्यामुळें तो चिडून एका गिरणीवाल्याची फजिती सांगतो. पुढें भिक्षु व धर्मकोर्टाचा बेलिफ यांची अशीच जुंपते. माणसांस त्यांच्या दर्जाप्रमाणें क्रमानें लावलें नाहीं याबद्दल कवि उपोद्घाताच्या अखेरीस माफीहि मागतो. ही माफी हलकी समजूं नये. १३४८–४९ च्या महामारीनंतर मजुरांची टंचाई होऊन मजुरीचे दर चढले, व ते दाबून धरण्यासाठीं १३५१ त कायदा झाला. १३६३ त दर्जाप्रमाणें वस्त्रें ठरविणारा कायदा झाला, तो लौकरच मागें घ्यावा लागला. १३८१ च्या जूनमध्यें बंडखोर शेतकऱ्यांचा एक जमाव ऑल्डगेटच्याच वेशींतून लंडनांत शिरला. काव्याचा आरंभ १३८७ च्या सुमारास झाला असें मानतात. दर्जाचा क्रम मोडलेला पाहिलेल्या पिढीनें हें वाचलें, हें विसरून चालावयाचें नाहीं.

(५) दप्तरांतील नांवें

यात्रेकरू बहुतांशीं धंद्यानेंच ओळखले जातात. व्यापाऱ्याचें तर नांवच आपणांस ठाऊक नाहीं असें कवि सांगतो. तरीहि कांहीं नांवें व स्थळें अशीं पडून गेलीं आहेत कीं, संशोधकांस दप्तरें धुंडाळण्याचा मोह आवरला नाहीं. या दिशेनें जॉन मॅन्ली याचें १९२६ चें पुस्तक प्रसिद्ध आहे.

सर्वांत भक्कम ओळख सराईवाल्याची. काव्यांत त्याचें नांव हॅरी बेली. साउथवर्कच्या १३८०–८१ च्या करवसुलीच्या यादींत हेन्री बेलिफ नांवाचा सराईवाला, क्रिश्चन नांवाच्या बायकोसह, नोंदलेला आहे, आणि त्याच नांवाचा गृहस्थ त्या भागातर्फे पार्लमेंटांतहि बसलेला आहे. काव्यांतील सराईवाला बायकोच्या जाचाबद्दल रडतो. तेथें तिच्यासाठीं आलेला ‘गुडलीफ’ हा शब्द नांव म्हणून घ्यावा कीं नुसतें संबोधन म्हणून, यावर मतभेद आहेत. नांव मानलें तर तें यादींतल्या नांवाशीं जुळत नाहीं. म्हणजे दप्तरानें माणूस मिळाला, पण त्याचा संसार मिळाला नाहीं. आचारी हा वेअर गांवचा रॉजर. त्या नांवाचा एक आचारी लंडनच्या कागदांत सांपडला आहे. जहाजाच्या तांडेलाचें गांव डार्टमथ व जहाज ‘मॉडलेन’. त्या बंदराच्या तत्कालीन नोंदींत त्या नांवाचेंहि जहाज आढळतें.

याहून उपयुक्त अशी साक्ष व्यापाऱ्याची आहे. इंग्लंडांतलें ऑरवेल व समुद्रापलीकडचें मिडलबर्ग यांमधील दर्या कोणत्याहि किंमतीस निर्वेध राहावा, असा त्याचा धोशा आहे. इंग्लिश लोंकरीची सक्तीची पेठ मिडलबर्ग येथें होती ती १३८४ ते १३८८ या थोड्या काळापुरतीच. तेव्हां ही ओळ केव्हांची हें त्यावरून अजमावतां येतें. आणि लोंकरीच्या जकातीवर बारा वर्षें काढलेल्या माणसाच्या हातची ती आहे, हेंहि पटतें. नाइटाच्या मोहिमांचीहि अशीच गोष्ट. अल्जेसिरास १३४४ त व अलेक्झांड्रिया १३६५ त पडलें. प्रशिया, लिथुएनिया, स्पेन, इजिप्त इतकें तो फिरला. परंतु फ्रान्सशीं चाललेल्या मोठ्या युद्धाचा त्याच्या यादींत उल्लेख नाहीं. त्याचा मुलगा मात्र फ्लँडर्स व पिकार्डींत लढला आहे. या मौनाचा अर्थ काय? नाइट धर्मयुद्धाचा आदर्श आहे असें बहुतेक मानीत आले. टेरी जोन्स यानें १९८० त तो भाडोत्री शिपाई असल्याचें प्रतिपादिलें. तें फारसें कोणी स्वीकारलें नाहीं. एकाच यादीवरून दोन विरुद्ध माणसें उभीं करतां येतात, एवढा धडा त्यावरून घ्यावा. मोहिमा खऱ्या, पण त्यांवरून त्या माणसाची नियत ठरत नाहीं.

(६) हस्तलिखितांची साक्ष

आतां आमच्या वाचकांच्या विशेष आवडीच्या भागाकडे वळूं. चॉसरच्या स्वहस्ताची या काव्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. निरनिराळ्या लेखकांनीं १४०० च्या सुमारास व नंतर लिहिलेल्या, पुऱ्या व तुटक मिळून ऐंशीहून अधिक प्रती आहेत. मॅन्ली व एडिथ रिकर्ट यांनीं त्या सर्व ताडून १९४० त आठ खंडांत पाठभेद छापले. त्यांत दोन प्रती अग्रगण्य. पहिली हेंगुर्ट प्रत, ही वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तिचा शेवट गेलेला असून उंदरांनींहि ती कुरतडलेली आहे. दुसरी एल्झमीर प्रत, मोठी, रंगीत व सुशोभित. ती हेन्री हंटिंग्टन यानें १९१७ त विकत घेतली, व आज कॅलिफोर्नियांत त्याच्या ग्रंथालयांत आहे. दोन्ही प्रतींचें अक्षर एकाच हातचें, असें डॉइल व पार्क्स यांनीं १९७८ त दाखविलें. तो हात ॲडम पिंकहर्स्ट या लंडनच्या लेखनिकाचा, असें लिनी मूनी यांनीं २००४ त जाहीर केलें. त्यावर पुढें आक्षेप निघाले असून वाद मिटलेला नाहीं.

एल्झमीर प्रतींत यात्रेकरूंचीं तेवीस चित्रें आहेत. त्यांची जागा पाहण्यासारखी आहे. तीं उपोद्घातांत नसून प्रत्येकाच्या कथेच्या आरंभीं, समासांत आहेत. त्यामुळें ज्याला कथा नाहीं त्याला चित्रहि नाहीं. नांगऱ्या, पांच कारागीर व खुद्द सराईवाला यांना चेहरा मिळाला नाहीं. उलट, उपोद्घातांत ज्याचें नांवहि नाहीं, जो वाटेंत येऊन मिळाला, त्या किमयागाराच्या चाकराचें चित्र आहे, कारण त्यानें कथा सांगितली. यावरून त्या काळच्या प्रत करणारांचें मत स्पष्ट होतें : यात्रेकरू म्हणजे कथा सांगणारा. किट्रेज यानें १९१५ त, कथा या पात्रांचीं भाषणें म्हणून वाचाव्या, असें सांगितलें; एल्झमीरच्या चिताऱ्यानें तेंच पांचशें वर्षांपूर्वीं कुंचल्यानें सांगून ठेवलें होतें. चितारी उपोद्घाताशीं इमानीहि आहे. आचाऱ्याच्या पायास पट्टी आहे, गिरणीवाल्याच्या हातीं पिशवीचा पावा आहे, बाथच्या बाईच्या हातीं चाबूक आहे.

उलट बाजूचा पुरावाहि हस्तलिखितेंच देतात. तांडेलाच्या कथेंत निवेदक एके ठिकाणीं स्वतःस बायकांत गणतो. दुसऱ्या जोगिणीच्या कथेंत ती स्वतःस ईव्हचा पुत्र म्हणविते. यावरून पहिली कथा मुळांत बाथच्या बाईसाठीं, व दुसरी यात्रेची कल्पना निघण्यापूर्वीं लिहिलेली असावी, असें अनुमान काढतात. म्हणजे कवि कथा या माणसाकडून काढून त्या माणसास देत होता. पात्र व कथा यांचा जोड सर्वत्र सारखा पक्का नाहीं. एल्झमीरची प्रत सुबक आहे म्हणून तिच्यावरच भिस्त ठेवणाऱ्यास हें दिसत नाहीं.

आचाऱ्याची कथा थोड्याच ओळींत तुटते. चॉसरनें हिच्यापुढें लिहिलें नाहीं अशी प्रामाणिक टीप हेंगुर्टच्या लेखकानें दिली. इतरांना ती पोकळी सोसवली नाहीं. सुमारें पंचवीस प्रतींत तेथें ‘गॅमेलिन’ नांवाची भलत्याची कथा घुसडलेली आहे. नांगऱ्यास कथा नव्हती. एका प्रतींत हॉक्लीव्ह या दुसऱ्या कवीचें काव्य त्याच्या नांवावर चढविलें, व १५४२ च्या छापील आवृत्तींत त्याच्या तोंडीं आणखी एक निराळीच कथा घातली गेली. क्षेपकांची ही चाल आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. पाठ शुद्ध करणारानें तीं बाजूस काढावींच. पण फेंकून देऊं नयेत. गरीब नांगऱ्यानें काय बोलावें असें पुढील पिढ्यांस वाटलें, याचा तो अस्सल पुरावा आहे.

छापखान्यानें एक पाऊल मागेंच टाकलें. कॅक्स्टन यानें पहिली आवृत्ति १४७६–७७ च्या सुमारास व दुसरी १४८३ च्या सुमारास काढली. दुसरींत लांकडी ठशांचीं चित्रें आहेत. पण एकच ठसा एकाहून अधिक यात्रेकरूंसाठीं वापरला आहे. कवीनें सांच्यांतून काढलेला माणूस ठसेवाल्यानें पुन्हां सांच्यांत घातला!

(७) उपसंहार

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. चॉसरचे यात्रेकरू अमुक एक माणूस होऊन गेला याचा पुरावा नव्हेत. सराईवाल्यासारखा अपवादहि अर्धाच सिद्ध होतो. धंद्याधंद्यांतील दोषांची यादी म्हणूनहि त्यांचा उपयोग जपून करावा, कारण ती यादी बव्हंशीं वारशानें आलेली आहे. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका जकातनाक्यावरील माणसास धंदा व माणूस हीं दोन वेगळीं दिसूं लागलीं, आणि वाचकांच्या पिढ्यांनीं तो भेद कधीं पाळला व कधीं पुसला, याची साक्ष हें काव्य व त्याच्या प्रती पूर्णपणें देतात. ही साक्ष कोणत्याहि करवसुलीच्या यादींत मिळणार नाहीं.

ती टिकली कशानें, हेंहि सांगून टाकतों. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत कॅक्स्टन लिहितो कीं, एक गृहस्थ आपणाकडे आला व म्हणाला, तुमचा छापील पाठ चॉसरच्या ग्रंथाबरहुकूम नाहीं. माझ्या वडिलांजवळ एक प्रत आहे, तिच्यावर त्यांचा फार जीव, पण मी ती मिळवून देतों. त्या गृहस्थाचें नांव कॅक्स्टननें दिलेलें नाहीं, व वडिलांचेंहि नाहीं. तरीहि पाठशुद्धीच्या कामीं पहिली तक्रार घेऊन आलेला माणूस तो होय. ज्यांच्या घरीं वडिलांची अशी एखादी पोथी पडून असेल, त्यांनीं तिचीं कुरतडलेलीं पानें, समासांतल्या टीपा, मागून जोडलेलीं पदरचीं प्रकरणें व अपुरा शेवट यांतलें कांहींहि निरुपयोगी म्हणून काढून टाकूं नये, एवढीच आमची विनंति आहे.